दोन साचे, एक मशीन

कानाची मशिनं विकतात त्या दुकानात शांतता असेल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तिथे भाजीबाजाराहून जास्त आरडाओरडा असतो. म्हातारे वडील ओरडून विचारतात, मुलगा ओरडून उत्तर देतो, आणि सून कोपऱ्यात उभी राहून, आपण मुळीच ओरडत नाही असा चेहरा करून ओरडते. या गलक्यात एकच बाई हळू बोलायची. काचेच्या पेटीमागे, उंच स्टुलावर ती बसायची आणि दुकानात तिला सगळे पारखीबाई म्हणायचे.

हे नाव मालकांनी दिलेलं. सोनार कसोटीवर सोनं घासून बघतो तशी ही बाई माणूस घासून बघते, असं ते कौतुकाने सांगत. घासायचं म्हणजे किंमत सांगायची आणि चेहरा बघायचा. त्या दुकानात कुठल्याच मशीनवर किमतीची चिठ्ठी नव्हती. साध्यातलं चांगलं मशीन अठ्ठेचाळीस हजारांचं. हा आकडा पारखीबाई शांतपणे उच्चारायची आणि मनातल्या मनात तीन मोजायची. तेवढ्यात समोरच्याची भुवई हलली, श्वास अडकला, नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, की ती म्हणायची, "पण सध्या एक योजना आहे." मग आकडा छत्तिसावर यायचा. तरी माणूस घुटमळला तर सव्विसावर. सव्विसाच्या खाली मालकांना परवडत नव्हतं. तीन मोजून होईपर्यंत समोर काहीच हललं नाही, तर मात्र योजना वगैरे काही नसायची. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस.

नंतर ती गिऱ्हाइकाच्या फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक खूण करायची. हलणाऱ्यासाठी नागमोडी रेघ, न हलणाऱ्यासाठी सरळ. पुढच्या वेळी तोच माणूस आला आणि काउंटरवर दुसरं कोणी असलं तरी त्याला कळावं, की हा लवचीक आहे की ताठ.

हे शब्द तिचे होते. कॉलेजात तिने अर्थशास्त्र घेतलं होतं. लग्नानंतर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईंची पदवी आहे हो, भिंतीवर लावलीये, भिंतीचा पोपडा झाकला जातो." तेव्हा ती हसायची, पण ते लागायचं. मग मुलगी शाळेत गेली, हिने या दुकानात नोकरी धरली, आणि दोन-चार महिन्यांत तिच्या लक्षात आलं की मालक अंदाजपंचे जे करतात त्याला पुस्तकात नाव आहे. मागणीची लवचिकता. भाव बदलला तर मागणी किती बदलते त्याचं माप. किमतीला कोण हळवं आहे आणि कोण नाही, हे ओळखायची विद्या. तिने मालकांना ते समजावून सांगितलं, रेघांची युक्ती काढली, आणि पहिल्याच वर्षी तिचा पगार वाढला. पदवी आता नुसता पोपडा झाकत नाही, असं तिला वाटलं. अकरा वर्षं ती हे करत होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

चेहरे वाचण्यात मजाही होती. एक आजोबा अठ्ठेचाळीस ऐकून म्हणाले होते, "माझं आता उरलंय किती? भाड्याने मिळेल का?" एका काकूंनी नवऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यांना ऐकू आलं तरी ते ऐकणार नाहीत, तेव्हा स्वस्तातलं द्या." असे किस्से पारखीबाई घरी येऊन सांगायची आणि मुलगी पोट धरून हसायची.

ती मुलगी आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि तिनेही अर्थशास्त्रच घेतलं होतं. एका सकाळी पारखीबाई इस्त्री करत होती आणि मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती.

"आई, लवचिकता तुझ्या भाषेत सांग ना. पुस्तकातलं डोक्यावरून जातंय."

पारखीबाईला इतका आनंद झाला की तिने इस्त्री उभी करून ठेवली. आकडा कसा टाकायचा, तीन कसे मोजायचे, भुवई कशी बघायची, सगळं सांगितलं. पेन्सिलीच्या रेघाही सांगितल्या.

मुलगी आज हसली नाही. "म्हणजे तू तोंड बघून भाव सांगतेस?"

"तोंड बघून नाही गं. ज्याला परवडतं त्याला जास्त, ज्याला नाही त्याला कमी. वाईट काय त्यात?"

"वाईट नाही म्हणत. पण पुस्तकात चेहऱ्याचं कुठे काही नाहीये." तिने पान उलटून बोट ठेवलं. "भाव वाढल्यावर माणसाने किती कमी घेतलं, ते मोजायचं असं लिहिलंय. चेहरा हसरा असला तरी चालेल."

"पुस्तक लिहिणाऱ्याने दुकान कधी चालवलंय?" असं म्हणून पारखीबाईने पुन्हा इस्त्री उचलली. पण सदऱ्याच्या बाहीला दुहेरी घडी पडली आणि ती तिला परत काढावी लागली.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, कॉलरवाली आली.

कॉलरवाली म्हणजे एका शिवणकारखान्यात दिवसभर शर्टाच्या कॉलरी शिवणारी बाई. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली होती, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. हॉस्पिटलने मुलीचे कान तपासून आलेख दिला होता. दोन्ही कान जवळजवळ सारखेच अधू होते, दोन्हींना मशीन लागणार होतं. पारखीबाईला ती भेट चांगली आठवत होती, कारण असा चेहरा तिने क्वचितच पाहिला होता. अठ्ठेचाळीस हजार एका कानाचे, असं सांगून तिने तीन मोजले, मग चार, मग पाच. बाईच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. भरलेल्या घंगाळातलं पाणी कुणी धक्का न लावता ठेवावं, तसा तो चेहरा.

"सध्या एकच द्या," कॉलरवाली म्हणाली होती. "साचे मात्र दोन्ही कानांचे करा."

मशीन कानात बसवायला रबरी साचा लागतो, तो प्रत्येक कानाच्या मापाचा वेगळा. साच्याला फार पैसे पडत नाहीत. पारखीबाईने मनात म्हटलं, हौशी आहे बाई, एकावर बघेल आणि आवडलं की दुसरं नेईल. तिने फॉर्मवर लिहिलं : साचे दोन, मशीन एक. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने सरळ रेघ ओढली.

आता मुलगी आठ वर्षांची झाली होती आणि कान वाढल्यामुळे जुने साचे ढिले झाले होते. नवे साचे करायचे होते. कॉलरवाली कारखान्यात फोन करायला दुकानाच्या पायऱ्यांकडे निघाली. "उशिरा येतेय म्हटल्यावर मुकादम अर्धा तास बोलतो," ती पारखीबाईला म्हणाली. "ही बसेल. तोंडाकडे बघून बोला म्हणजे झालं."

पारखीबाईने मुलीच्या कानात मऊ लगदा भरला आणि तो सुकेपर्यंत समोर बसली. एका कानात लगदा, दुसऱ्या कानात मशीन. मुलगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, घड्याळाच्या काट्याकडे बघावं तसं.

"आज उजव्याचा दिवस आहे," मुलगी आपणहून म्हणाली.

"कसला दिवस?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार डाव्याचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार उजव्याचा. रविवारी आई मला विचारते, कुठला पाहिजे."

पारखीबाईला क्षणभर कळलं नाही. मग तिने समोरचा फॉर्म पाहिला. साचे दोन, मशीन एक.

"एक कान रोज झोपला तर तो आळशी होतो," मुलगी समजावून सांगत होती. "म्हणून आम्ही वाटून घेतलंय. मी वर्गात बाकसुद्धा बदलते. उजव्याच्या दिवशी खिडकीकडचा, डाव्याच्या दिवशी दाराकडचा. आधी बाई ओरडायच्या. आता त्यांना बाकावरून वार कळतो."

हा विनोद तिने बहुतेक आधी कुठेतरी करून पाहिला असावा, कारण तो सांगून ती थांबली आणि समोरची बाई हसते का ते बघू लागली. पारखीबाई हसली. निदान ओठ तरी तसे केले.

"मग दोन का नाही घेतले गं?"

"तुमच्याकडे एकच उरलं होतं ना," मुलगी म्हणाली. "आई म्हणाली, दुकानात एकच शिल्लक आहे, दुसरं यायचंय." ती जरा पुढे झुकली. "आलं का?"

पारखीबाईच्या मागे काचेच्या पेटीत त्याच जातीची चौदा मशिनं मखमलीवर ओळीने मांडलेली होती. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. ती तोंडाकडे बघत होती.

"बघते हं," पारखीबाई म्हणाली आणि उगाच खण उघडला.

खणात काही बघायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे घरी स्वतःच्या मुलीने पुस्तकावर ठेवलेलं बोट होतं. किती कमी घेतलं, ते मोजायचं. या बाईला दोन हवी होती आणि तिने एक घेतलं होतं. भाव ऐकून अर्धी मागणी समोरच्या समोर गळून पडली होती, आणि पदवी घेतलेल्या बाईने ती आपल्या हाताने फॉर्मवर लिहून वर सरळ रेघ ओढली होती. इतकं स्वच्छ उदाहरण कुठल्या परीक्षेतही येत नाही.

कॉलरवाली आत आली. लगदा सुकला होता. पारखीबाईने तो अलगद काढला, मग दुसऱ्या कानाचं माप घ्यायचं म्हणून मशीन काढून काउंटरवर ठेवलं. तेही उरकलं. आता पैसे घेऊन पावती दिली असती तर दोघी निघून गेल्या असत्या. पेन्सिलीच्या खुणेचा अर्थ दुकानाबाहेर कुणालाच माहीत नव्हता.

"ताई," पारखीबाई म्हणाली, "मला एक सांगायचंय. मागच्या वेळच्या किमतीबद्दल."

कॉलरवालीने तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी दोघींची तोंडं आळीपाळीने बघत होती. कॉलरवालीने तिच्या खांद्याला धरून तिला दुकानाच्या दर्शनी खिडकीकडे वळवलं. तिथे प्लास्टिकचा एक अवाढव्य कान ठेवलेला होता, आतल्या नळ्या आणि हाडं उघडी करून दाखवणारा. मुलगी खुशीत तिकडे गेली आणि त्या कानात हात घालून बघू लागली. तिची पाठ इकडे होती आणि मशीन काउंटरवर.

"बोला."

"अठ्ठेचाळीस ही पहिली किंमत असते. आम्ही तीन सांगतो. दुसरी छत्तीस, तिसरी सव्वीस."

"मला एकच सांगितलीत."

"हो."

"का?"

अकरा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "तुमचा चेहरा हलला नाही," ती म्हणाली.

"हलवायचा होता का?"

पारखीबाईने काउंटरवरचं मशीन उगाच सरळ करून ठेवलं.

"ती माझ्याकडे बघत होती," कॉलरवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "घरात भांडं पडलं, दार आपटलं, तरी ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. घाबरायचं की नाही ते ठरवायला. तिच्यापुढे चेहरा हलवायची मुभा मला नाही. तिचे कान कळले त्या दिवशी, हॉस्पिटलात, तेव्हाही नव्हती."

एवढं बोलून झाल्यावर, मुलीची पाठ इकडेच आहे याची खात्री करून, तिने चेहरा सोडला.

पारखीबाईने हजारो चेहरे वाचले होते. किमतीने दचकलेले, खजील झालेले, खोटं हसणारे. हा चेहरा वाचायला काही कौशल्य लागत नव्हतं. हनुवटी थरथरत होती, नाकपुड्या लाल झाल्या होत्या, आणि दोन वर्षं आत कोंडून ठेवलेलं सगळं एकदम वर आल्यासारखं तोंड वाकडं झालं होतं. तिच्या हातात पिशवीचा पट्टा होता आणि तो तिने बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. त्याही दिवशी तो असाच गुंडाळला असेल. काउंटर उंच होता. पलीकडे हात दिसत नाहीत.

"त्या दिवशी पिशवीत त्रेपन्न होते," कॉलरवाली म्हणाली. "दोन्हींचे किती झाले असते?"

"बावन्न."

"बावन्न," ती म्हणाली. मग बोटाला गुंडाळलेला पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला.

"जे जास्त घेतले ते मी माझ्या..."

"तुमच्या पदरचं मला काही नको. मी कारखान्यात कॉलरी शिवते बाई. वाकडी लागली तर उसवून परत लावायला लागते, आणि ती ज्याने लावली त्यानेच. तुम्हाला काय करायचं ते तुम्ही आणि तुमचे मालक बघा. दोन मशिनांचे बावन्न होतात, अठ्ठेचाळीस मी दिलेत, चार मी शनिवारी आणते. दुसरं मशीन आज काढा."

खिडकीतल्या कानाचं एक हाड मुलीच्या हातात निघून आलं होतं. ते घेऊन ती वळली. आणि पारखीबाईने पाहिलं, मुलगी पूर्ण वळायच्या आत कॉलरवालीचा चेहरा जागच्या जागी बसला होता. घंगाळातलं पाणी पुन्हा तसंच. तिने मशीन मुलीच्या कानात बसवलं आणि म्हणाली, "दुसरं आलंय."

मुलीचे डोळे मोठे झाले. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग, खात्री करून घ्यायला, पारखीबाईच्या.

पारखीबाईने चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. तीन मोजेपर्यंत ठेवायचा होता. तिला ते एकपर्यंतसुद्धा जमलं नाही.

"मग या मावशी का घाबरल्यात?" मुलीने आईला विचारलं.

"त्यांचं मशीन हरवलं होतं," कॉलरवाली म्हणाली. "आत्ता सापडलं. हरवलेलं सापडलं की होतं तसं."

पारखीबाईला वाटलं, हिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान त्या निमूट ऐकून घेता आल्या असत्या. हे खोटं, मुलीसाठी बोललेलं, तिला फुकटात मिळालं होतं.

त्या दोघी गेल्यावर ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"पारखीबाई, चार जणांकडून जास्त घेतो म्हणून चाळीस जणांना सव्विसात देता येतं. हे तुम्हीच मला शिकवलंत. सगळ्यांना एकच भाव लावला तर तो सव्वीस नसेल. मग ते चाळीस कुठे जातील?"

"खरं आहे, साहेब."

"मग?"

"ते चार कोण, हे मी ठरवते," ती म्हणाली. "आणि मला ते ओळखता येत नाही."

"अकरा वर्षं येत होतं."

"येतंय असं वाटत होतं."

मालकांनी चष्मा परत घातला. बावीस हजार तुमच्या पगारातून हप्त्याने वळते होतील, ते म्हणाले, आणि ती हो म्हणाली, तेव्हा तेच जरा ओशाळले आणि म्हणाले, अर्धे. कॉलरवालीला तिच्या पदरचं नको होतं, पण मशीनची पावती दुकानाच्या नावाने फाटणार होती, तिला कळायचं कारण नव्हतं. हेही एक लपवणंच झालं, असं केबिनचं दार ओढून घेताना पारखीबाईच्या मनात आलं. लपवण्यातून सुटका एवढ्या झटपट होत नाही.

संध्याकाळी घरी तिच्या मुलीने विचारलं, "परीक्षेत लवचिकतेला उदाहरण कुठलं देऊ? सगळे मिठाचं देतात, भाव वाढला तरी तेवढंच लागतं म्हणून." पारखीबाई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "पुस्तकातलंच दे," ती म्हणाली. "तुझं पुस्तक बरोबर आहे." मुलीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. आईने काय केलं असेल याचा अंदाज तिला आला होता की नाही, ते पारखीबाईला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. खरं तर तिला एवढंच विचारायचं होतं, की तुला माझी लाज वाटते का.

दुसऱ्या दिवशी ती लवकर दुकानात गेली आणि जुन्या फॉर्मांचं कपाट उघडलं. सरळ रेघेचे फॉर्म ती बाजूला काढत गेली, आणि त्यातले, जिथे आलेखात दोन्ही कान अधू आहेत पण मशीन एकच घेतलंय, ते वेगळे. पहिल्याच खणात नऊ निघाले. एक शाळेतली बाई. एक ट्रकचालक. एक आजी, तिच्या फॉर्मवर पारखीबाईच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'म्हणतात, एका कानाने भागेल.' हे वाक्य तिने तेव्हा लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. खण अजून सहा होते.

तिने आजींचा फॉर्म वर ठेवला आणि नंबर लावला. तोपर्यंत दुकान भरलं होतं. बाकावर पाच-सहा जण होते, मालक दारात कुणाशी तरी बोलत उभे होते.

"कोण?" पलीकडून आजींचा आवाज आला.

"आजी, कानाच्या दुकानातून बोलतेय," पारखीबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "तुमच्याकडून मी मशीनचे जास्त पैसे घेतले होते."

"काय? मोठ्याने बोला बाई. ऐकू येत नाही."

पारखीबाईने बाकाकडे पाहिलं. मालक वळून बघत होते. ती स्टुलावरून उतरून उभी राहिली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.